पुढची खोली, काही अटींवर

मी, श्रीमती इंदूबाई शांतवन गायकवाड, वय ७१, निवृत्त परिचारिका, राहणार मौजे बोरमाळ, तालुका कळंब, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आमच्या चर्चच्या मंडळीचे पंचप्रमुख सदाशिवराव यांनी आणून पाहिला, जमला नाही.

१. लोखंडी कपाट, गॅस आणि बँकेत निघेल ते भाचा रोशन याला. त्याने माझी बोलणी पुष्कळ खाल्ली. घर मिळाले नाही म्हणून त्याने तोंड पाडू नये, कारण खाली दिले आहे.

२. माझे कानाचे यंत्र सदाशिवरावांना. त्यांचे कान ठणठणीत आहेत, तरी एका लेकराचे बोलणे त्यांना ऐकू आले नव्हते.

३. चर्चला लागून असलेले माझे घर मंडळीला, पण अटींवर. त्या का, ते सांगते.

२००६ साली कापसाने सगळ्यांचीच कंबर मोडली होती. आईबाप कामाला बाहेरगावी आणि मुले संध्याकाळी चर्चमध्ये, पेटीमास्तराकडे गाणी शिकायला. मदतीचे धान्यही त्याच्याच हातून वाटले जाई, म्हणून त्याला कोणी दुखवत नसे. शेजारच्या मानीबाईची रुपाली तेव्हा बारा वर्षांची. ती मला म्हणाली, "मावशी, मले पेटीवर पाठवू नका. मास्तर अंगाले हात लावते."

मला तिचे खरे वाटले, मी ते पंचांच्या कानावर घातले. तरीही मी चुकले. प्रभुभोजनाआधी, म्हणजे चर्चमध्ये सगळे मिळून भाकर घेतात त्याआधी, ज्याचे ज्याच्याशी वाकडे असेल त्याने समेट करावा, अशी आमची रीत. पाचही पंचांनी तिला पुन्हा पुन्हा बोलायला लावले आणि हेही त्यातलेच भांडण धरले. मास्तर रडला. सदाशिवराव म्हणाले, "लेकरानं माफ केलं त सगळ्यायले भाकर घेता येईन." मी रुपालीला पुढे नेले आणि तिचा हात त्याच्या हातात दिला. मग सगळ्यांनी भाकर घेतली, मीही घेतली. त्याची मला आजही लाज वाटते.

पुढे मास्तराला चांगल्या वर्तणुकीचे पत्र देऊन दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये कामाला लावले. त्या पत्रावर माझीही सही आहे. गेल्या वर्षी मी तिथल्या मंडळीला आणि पोलिसांना सगळे लेखी कळवले. सात वर्षे उशिरा.

अटी अशा: पुढची खोली कोणत्याही लेकरासाठी, बाईसाठी उघडी राहील. ऐकायला दोन बाया असतील, त्यातली एक मंडळीबाहेरची. आरोप ज्याच्यावर, तो पाळक असो की पंच, त्याच दिवशी कामावरून बाजूला होईल आणि त्याच दिवशी पोलिसांना कळवले जाईल. आता तसा कायदाच आहे. आधी पंचांची बैठक बसणार नाही. समेट तर नाहीच नाही. यातली एक अट मोडली, तरी घर रुपालीचे. हे पाहण्याचा अधिकार माझे शेजारी नेमसिंग राठोड यांना देते.

रुपाली आता यवतमाळला नर्सिंग शिकते. मार्चमध्ये एसटीने जाऊन तिला हा मसुदा वाचून दाखवला. तिने शेवटचे पान माझ्याकडून घेऊन पुन्हा वाचले. मग म्हणाली, "मावशी, तुमी माहा हात घट्ट धरलता, ते आठवते. कुठं नेलता, तेही आठवते." आणि मग, "एक अट अजून लिहा. लेकराले एकच वेळा बोलू द्या. पाच जणायपुढं पाच वेळा नाही." ती अट वरच्या सर्व अटींच्या आधी धरावी. पोरीने मला जेवायला घातले, एसटीपर्यंत सोडले. मला तिच्याबद्दल किती वाटते, ते मी तिला सांगितले. माफी दे असे म्हटले नाही.

४. माझ्या मातीला रुपाली आली, तर तिला दोन शब्द बोलायला उभे करू नये. आली नाही, तर का आली नाही म्हणून कोणी विचारू नये.

हे वाचून, समजून, खालील साक्षीदारांसमोर सही केली.

इंदूबाई शांतवन गायकवाड (सही)

साक्षीदार:
१. नेमसिंग राठोड, निवृत्त शिक्षक (सही)
२. डॉ. नुजहत शेख, कळंब (सही)

ठिकाण: कळंब
दिनांक: ९ जून २०१४