फलकावर एकटी दीपाली

छत्रपती संभाजीनगर,
दि. ११ डिसेंबर २०२५

चि. राजेंद्र यास,

वरच्या मजल्यावर सर्व क्षेम आहे. खालच्या मजल्यावरील क्षेम मला जिन्यातून ऐकू येतेच. एकाच घरात पत्र लिहिण्याचे कारण एवढेच, की मी समोर बोलू लागलो की तू ‘आबा, जाऊ द्या ना’ म्हणून उठतोस.

काल गुलमंडीत तू लावलेला, रविवारच्या सत्काराचा फलक पाहिला. ‘कु. दीपाली, अमेरिकेत पत्रकारितेचे उच्च शिक्षण’. शुद्धलेखन निर्दोष आहे. छायाचित्र मात्र खोटे आहे. ते पारितोषिक घेतानाचे आहे, आणि पारितोषिक मिळाले ते विद्यापीठाच्या वृत्तपत्रातील चौघांना. मूळ चित्रात तुझ्या मुलीशेजारी तिचे तीन कृष्णवर्णीय सहकारी उभे आहेत. फलकावर ती एकटी. आणि तिच्या खांद्यावर, मनगटापासून तोडलेला, त्या तिघांपैकी तिच्या संपादक मैत्रिणीचा, जोसलिनचा, हात तसाच राहिला आहे. विद्यापीठाचे नाव तर नाहीच.

फलकवाला सोमनाथ म्हणाला, “गुरुजी, हात मागून दिसला. म्हणलं, आईचा असंल.”

आणि तू म्हणालास, “लोक काय म्हणतील आबा? पोरगी काळ्यांच्या कॉलेजात घातली व्हय? त्यात सिल्लोडवरून स्थळ येऊ राह्यलं.”

ज्यांना इतरत्र वर्गात बसू दिले जात नव्हते, त्यांच्यासाठी उभे राहिलेले ते विद्यापीठ आहे. बातमीच्या चित्रातून माणूस कापायचा नसतो, हे तेथे पहिल्याच आठवड्यात शिकवले, असे दीपालीने मला सांगितले होते. तुला ते कोणी शिकवले नाही, यात दोष माझा नव्हे. मी तुला माणूस म्हणूनच वाढवले होते.

बिडकीनच्या शाळेतील, मी तेथे शिकत असतानाच्या वर्गाचे जुने छायाचित्र तुला आठवत असेल. मी मुख्याध्यापक असताना ते कार्यालयात होते. तू विचारायचास, “आबा, यात तुमी कोणते?” मी तुला घंटा वाजवायला पाठवीत असे. आज उत्तर देतो. मी त्यात नाही. मेंढरांचा वास येतो म्हणून गुरुजींनी मला छायाचित्रकाराच्या मागे उभे केले होते. तुझ्या आईलाही हे ठाऊक नव्हते.

दीपालीने अमेरिकेतून दोनदा फलकाचे चित्र मागितले आहे. जोसलिनला दाखवायचे म्हणते. मी टाळले. यापुढे टाळणार नाही. शनिवारी सकाळी मी गुलमंडीत जाईन आणि जे टांगलेले असेल, त्याचे चित्र काढून तिला पाठवीन. स्वतःच्या बापाविषयी तिला काय कळावे, ते तू ठरव.

आशीर्वाद शनिवारनंतर.

आबा