रांगेतला पाचवा

प्रिय भिंगरी,

तुझा खेळ पोचला. टीव्हीला जोडला आणि तीन आठवडे दुपारचं दुकान बंद ठेवून इमानेइतबारे खेळले. 'मावशी, तू शिलाई मशीनची खोड नुसत्या आवाजावरून ओळखतेस, मग माझ्या खेळाचेही गुणदोष सांग, गुरुवारी तो सगळ्यांसाठी खुला होणार,' असं म्हणाली होतीस. शाळा माझी चौथीतच सुटली. पुढचं सगळं मशिनी उघडून शिकले. तेव्हा चुकलंमाकलं पोटात घाल.

आधी गुण. तुझी चौकडी फक्कड जमली आहे. स्वतःच्याच ढालीमागे लपणारा सरदार, अर्धा मंत्र विसरणारा मांत्रिक, एक शिंग मोडलेला बोकड आणि पळीने राक्षस बडवणारी खानावळवाली. राक्षसाने कुऱ्हाड उगारली आणि मांत्रिक म्हणाला, 'एक मिनिट हं, चष्मा घरी राहिला,' तेव्हा माझा चहा नाकात गेला. पण मला सगळ्यात आवडलं ते नंबराने लढणं. आपला नंबर आला की खेळ थांबतो तो थांबतोच. मी कुकर लावून, तीन शिट्ट्या काढून परत यावं, तरी राक्षस आपला कुऱ्हाड उगारून उभा. एवढा धीर माणसांना असता तर निम्मे संसार सुखाचे झाले असते.

आता दोष. अक्षरं मुंगीएवढी आहेत, म्हाताऱ्यांचा विचार कर. त्या दलदलीत दर दहा पावलांवर तेच बेडूक, तीच मारामारी. आणि बोकडाचा शिंकेचा विनोद पहिल्यांदा छान, अकराव्यांदा मात्र उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखा वाटतो. कात्री लाव.

आणि तो पाचवा. दलदल संपल्यावर रांगेच्या शेवटी एक म्हातारा येऊन उभा राहिला. पांढरा सदरा, पायात जोडे, हातात किल्ल्या. त्याला नंबर मिळत नाही, तो लढतही नाही. लढाई जिंकली की तेवढं विचारतो, 'जेवलीस का?' माझे डोळे भरून आले गं. म्हटलं, पोरीने आमच्या ह्यांची, आपल्या काकांची आठवण ठेवली. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन, आणि तू त्यांना हुबेहूब उभं केलंस, मान जराशी डावीकडे कललेली.

मग एका दुपारी तो म्हणाला, 'शेगडीवर दूध.' धावत गेले तर दूध नुकतं वर येत होतं. दुसऱ्या दिवशी, 'मागच्या दाराची कडी.' कडी खरंच उघडी होती. ती मी लावून आले तर तो एक पाऊल पुढे सरकलेला. खानावळवालीच्याही पुढे.

शेजारच्या शिक्षिकाबाईंना बोलावून दाखवलं. त्या चष्मा पुसून म्हणाल्या, 'कुठे हो? चारच तर आहेत.' मग तुला फोटो काढून पाठवला. फोटोतही चारच, पण बोकड आणि खानावळवाली यांच्यामध्ये बरोबर एका माणसाएवढी जागा मोकळी. तू फोनवर हसलीस. 'अगं मावशी, पाचवा कोणी आम्ही लिहिलाच नाही! चित्रात काहीतरी गडबड झाली असेल. गुरुवारी नवी प्रत आपोआप येईल, सगळं साफ होईल.' मी बरं म्हणून फोन ठेवला. वळून पाहिलं तर तो बोकडाच्याही पुढे आला होता. तेव्हापासून टीव्हीच्या खोलीत मी फोनवर बोलत नाही. हे पत्रसुद्धा दुकानात बसून, एका गिऱ्हाइकाच्या मशीनच्या पाट्यावर कागद ठेवून लिहिते आहे.

परवा शेवटच्या राक्षसापाशी पोचले. सरदार, मांत्रिक, बोकड, खानावळवाली, सगळ्यांचे नंबर झाले, आणि पहिल्यांदाच त्याचा नंबर आला. त्याने राक्षसाकडे पाठ केली. माझ्याकडे तोंड करून, किल्ल्या वाजवत विचारलं, 'निघायचं ना गं?' खाली निवडायला दोनच शब्द आले. 'हो' आणि 'चला'. मी वायर उपटली. संध्याकाळी पुन्हा लावली तर तेच दोन शब्द, आणि त्याचा चेहरा काचेच्या इतका जवळ की दाढी करताना हनुवटीवर राहिलेले दोन केस दिसत होते. ते रोजच राहायचे. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

म्हणून हे पत्र, भिंगरी. मी भ्याले आहे, पण त्यांना नाही भ्याले. चाळीस वर्षं त्यांनी 'निघायचं ना?' म्हटलं की मी हातातलं काम टाकून 'चला' म्हणत आले. नाही म्हणायची सवयच नाही या जिभेला. कालपासून दोनदा माझा अंगठा आपसूक बटणावर गेला आणि दोन्ही वेळा मी तो दुसऱ्या हाताने ओढून काढला. गुरुवारी तू त्यांना पुसून टाकशील. ते करू नकोस, पुन्हा एकदा उंबऱ्याबाहेर काढल्यासारखं होईल. पण मला अजून जगायचं आहे गं. तुझी आई गुडघ्याचं ऑपरेशन करून महिन्याने माझ्याकडे राहायला येणार आहे, आम्ही दोघी बहिणी लग्नांनंतर पहिल्यांदाच एका घरात राहणार आहोत. तेव्हा तुझ्या खेळातला सगळ्यात मोठा दोष हा, आणि एवढाच गुरुवारच्या आत दुरुस्त कर. त्या दोन शब्दांखाली तिसरा एक घाल. मोठ्या अक्षरात घाल, म्हणजे त्यांनाही चष्म्याशिवाय वाचता येईल. 'तुम्ही व्हा पुढे.'

तुझीच,
मशीनवाली मावशी