एकच क्वेरी, अकरा वेळा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
सुदर्शनदादानं नवं काम दिलं. कंपनी त्याची, नाही म्हणता येत नाही. दोन आठवडे क्लाउडवरच्या वापरावर लक्ष ठेवायचं — कोण किती क्वेरी (डेटाला विचारलेले प्रश्न) चालवतं, किती डेटा वाचला जातो. मग ठरवायचं, बिल वापराप्रमाणे भरायचं की महिन्याला ठरलेलं. लातूरच्या इतक्या क्लासेसचे टेस्टचे निकाल आमच्याकडं, वापर वाढतच चाललाय. ऑफिसातले सगळ्यात जुने बसलिंगप्पा सर, त्यांना म्हटलं, मदत करा. "तूच कर," म्हणाले.

६ नोव्हेंबर
निम्म्याहून जास्त वापर एकट्या बसलिंगप्पा सरांच्या नावावर! माझंच काहीतरी चुकलं असणार.

७ नोव्हेंबर
चुकलं नव्हतं. काल त्यांनी एकच क्वेरी अकरा वेळा चालवली. एक अक्षर न बदलता. निकाल दिवसभर येत राहतात, त्यामुळं दर वेळी सगळा डेटा नव्यानं वाचला जातो.

आज मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसले. उत्तर आलं, त्यांनी वहीत उतरवलं, चहा प्यायले. मग मला म्हणाले, "आजचं बघायचं राहिलं का गं?"
राहिलं असेल, म्हणाले मी.

१० नोव्हेंबर
शिरूर अनंतपाळहून मुलाखतीला आले तेव्हा मला धड टायपिंग येत नव्हतं. दादा नको म्हणत होता. सर म्हणाले, मी शिकवतो. सहा महिने रोज दुपारी शिकवलं, स्वतःचा डबा अर्धा ठेवून.

१४ नोव्हेंबर
अहवाल दिला. सरांच्या त्याच त्या फेऱ्या वगळल्या तर वापराप्रमाणे बिलच स्वस्त पडतं. मी वगळल्या नाहीत. लिहिलं — ठरलेलं बिल घ्या. मग कोण किती वेळा विचारतं ते कुणी बघत बसणार नाही.
खोटं लिहिलं. ज्यांनी शिकवलं त्यांच्याच शेजारी बसून.

१७ नोव्हेंबर
सर आले नाहीत. फोन बंद.

१८ नोव्हेंबर
दादानं बोलावलं. सरांनी गेल्या महिन्यातच राजीनामा दिला होता; शुक्रवार त्यांचा शेवटचा दिवस. आणि हे काम मला द्यायला त्यांनीच सांगितलं होतं — "मला काय होतंय ते तिला तिच्या डोळ्यांनी दिसू दे. माझ्या तोंडानं सांगवत न्हाई."