शेवऱ्याची गावपळण

प्रिय सिद्धेशदादा,

दुपारी फोनवर "बाबा झोपलेत" असं मी तुला खोटंच सांगितलं. तेव्हा ते बेपत्ता होते.

यंदा गावपळणीचं साल. तीन दिवस सगळ्या गावानं घरं सोडून गुरं-कोंबड्यांसकट वेशीबाहेर राहायचं. पण आपलं शेवरे नगरपंचायतीत गेल्यापासून शहराचा नुसता एक प्रभाग झालंय, आणि नव्या इमारतींतून कोण निघणार? सकाळी बाबा कोंबड्यांची पाटी डोक्यावर घेऊन एकटेच गेले. वेशीवरचा वाहता व्हाळ बुजवून आता तिथे गाड्यांचं शोरूम झालंय. तिथे ते नव्हते. मी विहिरींत डोकावत फिरले.

शेवटी नांदगाव स्टेशनवरून कुणीतरी फोन केला. बाबा फलाटाच्या टोकाला बसले होते, पाय सुजलेले.

"बाबा, इतक्या लांब कित्याक इलास?"

"चलत रवलंय गो. घरां संपतच नाय. वेस खंय गावलीच नाय."

रिक्षात त्यांनी शेवऱ्याच्या चारही वेशी मला नीट सांगितल्या. दारात उतरल्यावर मात्र म्हणाले, "ह्या कोणाचा घर?"

आता अंगणाबाहेर रस्त्याकडेला बसलेत. आत यायला तयार नाहीत. "सिद्धेशाक सांगू नको, तो माका पुण्याक नेतलो," एवढं मात्र हात धरून बोलले. म्हणून हे पत्र मी टाकणार नाही.

सकाळी ते पुन्हा निघणार. मी भाकऱ्या बांधल्यात. बरोबर जातेय.

तुझी,
संचिता