शून्य नंबरची लाट

२ सप्टेंबर, रात्र
गाइड मॅडमनी केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. तेव्हाच ओळखलं, काहीतरी वाईट आहे. पीएचडीची शेवटची मुदतवाढ. महिनाअखेर निकाल हातात हवेत, नाहीतर नाव कट. मी गोड हसलो. माझ्यासारख्याला अख्खा महिना म्हणजे चैनच.

काम तसं सोपं. गिनीपिगला भूल द्यायची, डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे, कानात इअरफोनने टिक-टिक सोडायची. आवाज मेंदूच्या बुंध्यातून वर चढताना स्क्रीनवर पाच लाटा उठतात. कुठली लाट कुठल्या केंद्रातून येते, एवढंच शोधायचं. एकेक केंद्र गार करून बधिर करायचं, कुठली लाट गायब होते ते बघायचं. इतकी वर्षं कशी गेली, माझं मलाच कळत नाही.

रात्री जेवताना बायकोला सांगितलं. तिला दुसऱ्या शहरात मुख्याध्यापिकेची नोकरी लागलीय, एक तारखेला हजर व्हायचंय. तुझं झालं तर दोघं जाऊ म्हणाली, नाही झालं तर मी एकटी जाते, तू बस तुझ्या उंदरांना मांडीवर घेऊन. गिनीपिग उंदीर नसतो, हे तिला कितीदा सांगू?

९ सप्टेंबर
सापडली! सापडली! पाच लाटांच्या आधी आणखी एक लाट! उंच, गुळगुळीत, एकदम रुबाबदार. बाकीच्या पाच तिच्यापुढे अगदीच किडूकमिडूक. तूर्त नाव : शून्य नंबरची लाट. प्रबंधात माझं आडनाव लावीन. अर्थात नम्रपणे.

टिक झाली की लाट हजर, क्षणाचाही उशीर नाही. आवाज कानात पोचायच्याही आधी! काय तत्परता!

१२ सप्टेंबर
पहिलं केंद्र गार केलं. लाट जशीच्या तशी.

१३ सप्टेंबर
दुसरं केलं, तिसरं केलं. ढिम्म हलत नाही. म्हणजे उगम याहून खोल. इतका खोल की आजवर कुणाला दिसलाच नाही. जिन्यावरून उड्या मारत उतरलो. पाय मुरगळला.

१५ सप्टेंबर
किडूकमिडूक लाटा उगाच मध्ये लुडबुडतात. कॉम्प्युटरला सांगितलं, आपली लाट संपली की रेकॉर्डिंग बंद. जुन्या फाइलीही त्याच मापात कापल्या. सगळं कसं सुटसुटीत! ही शिस्त आधी का नव्हती अंगात?

२० सप्टेंबर
भूल जरा जास्त झाली. गिनीपिग गेला. फार वाईट वाटलं, डोळे भरून आले. तसाच स्क्रीनकडे बघतो तर लाट चालूच! मेल्यावरही ऐकू येतं! अंगावर काटा आला. त्याच्या कानाशी जाऊन सॉरी म्हटलं, न जाणो.

बायको म्हणाली, मेलेल्याला ऐकू येतं आणि जिवंत नवऱ्याला चार हाका मारल्या तरी येत नाही. हिला विज्ञानाचं सोयरसुतक नाही. पण हसत होती. ती हसली की मला फार बरं वाटतं.

२९ सप्टेंबर, दुपार
मॅडमना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून कपाळ चोळलं. भारावल्या असाव्यात.

मग त्यांनी टेबलावरच्या नव्या गिनीपिगला उचलून बाजूला ठेवलं, इलेक्ट्रोडखाली ओल्या कापसाचा बोळा ठेवला आणि टिक-टिक लाव म्हणाल्या. लाट उठली. तेवढीच उंच, तेवढीच रुबाबदार.

लाज बाजूला ठेवून लिहितो : क्षणभर मनात आलं, वनस्पतींनाही ऐकू येतं.

मॅडमनी वायरींकडे बोट दाखवलं. इअरफोनची आणि इलेक्ट्रोडची वायर एकात एक गुंतलेली. इअरफोनचा करंट थेट दुसऱ्या वायरीत उतरत होता, मेंदूचा काही संबंधच नाही. टेबल नीटनेटकं दिसावं म्हणून त्या वायरींची वेणी मीच घातली होती.

मॅडम खरंच चांगल्या आहेत. म्हणाल्या, असू दे, सगळ्यांचं होतं असं. खऱ्या पाच लाटा या खोट्या लाटेच्या मागे रेकॉर्डमध्ये असतीलच, त्या काढ, तेवढ्यावर निभावून नेऊ.

मी फाइली उघडल्या. एकूण एक फाइल त्या लाटेपाशीच कापलेली, सुटसुटीत होती.

३० सप्टेंबर, संध्याकाळ
बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, खो खो हसेल. हसली नाही. तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

तिने बॅगेतून माझे शर्ट काढले आणि एकेक करून परत हँगरला लावले. मी म्हणालो, पुन्हा नाव नोंदवतो, दोन-तीन वर्षांचाच तर प्रश्न आहे, या वेळी वायरी लांब ठेवीन. बरं म्हणाली.

टॅक्सीपर्यंत बॅग मीच नेऊन दिली. अर्धी रिकामी होती, अजिबात जड लागली नाही.