हळदीखाली काय होतं?

२ जानेवारी १९३८, रविवार. अमरावती

आजही टपालात पत्रं! एकात नुसत्या शिव्या, बाकीच्यांत कौतुक. नांदगाव पेठेच्या एका मास्तरांनी लिहिलंय — ‘विहिरीतली सवाष्ण’ वाचल्यापासून आमची मंडळी पाण्याला एकटी जात नाही, घागर मला उचलावी लागते, हे पाप लेखकाच्या माथी. हे मोठ्यानं वाचून दाखवत होते आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होते. कोर्टात वकिली करून करून यांचा चेहरा दगडासारखा झाला होता. कादंबरीनं माझा माणूस परत आणला, असंच म्हणते मी.

अकोल्याच्या एका वाचनालयाचं बोलावणं आलंय. येत्या रविवारी यांच्या पुस्तकावर चर्चा — वाचकांनी विचारायचं, यांनी उत्तर द्यायचं. मलाही नेणार! छापखान्यासाठी सगळी प्रत मीच उतरवून दिली, तेव्हा ‘अर्धी लेखिका तूच’ असं म्हणतात.

एक मात्र खटकतं, ते अजून बोलले नाही. सून जिवंत असते तोवर पुस्तकात तिला एक धड वाक्य नाही. विहिरीत पडून मेली की मग बोलत सुटते.

५ जानेवारी, बुधवार

बोलले. हे चिडले. ‘भुताची गोष्ट आहे. भूतच बोलणार.’ मी म्हटलं, मग खुनाचा तपास कशाला घातला त्यात? — जेवत्या पानावरून उठून गेले.

९ जानेवारी, रविवार. अकोला

वाचनालयाचे अध्यक्ष रामराव, त्यांच्याकडे उतरलोय. बाहेर ओसरीवर हे आणि रामराव बसलेत. मी आत लिहायला बसलेय. जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

सभा भरगच्च. बायकांची बैठक डाव्या अंगाला, मीही तिथंच. सुरुवात रंगली. रामराव म्हणाले, भीती आणि तपास हे दोन बैल एका जुवाला चालत नाहीत, लेखकानं एक सोडावं. एक पोरगेलासा वकील उठला — ‘खुनी सासरा, हे मी मध्यावरच ओळखलं!’ मागून कोणी ओरडलं, ‘तू ओळखलं, पण झोपला का?’ हशा. हे एकेकाला छान उत्तरं देत होते. असा दिवस यांना दिसावा, लोकांनी यांना ऐकावं, हे मलाच फार हवं होतं.

मग एक डॉक्टर उभे राहिले. म्हणाले, ‘लेखकाची एक ढोबळ चूक दाखवतो. विहिरीतून काढलेल्या प्रेताच्या मनगटाला हळदीचा लेप आहे म्हणतात. पाण्यात हळद टिकते काय हो?’

हे हसले. ‘डॉक्टरसाहेब, घाईनं वाचलंत. हळद नंतर लावलीय. बाहेर काढल्यावर, पंच यायच्या आधी. मनगटाला दोराचा वळ होता, तो झाकायला सासूनं लावली. सवाष्ण मेली, तिच्या हळदीला कोण हात लावणार? खुनाची सगळी हुशारी तिथंच तर आहे!’

टाळ्या. टाळ्या थांबल्या तेव्हा माझ्या पाठीमागून एक बाई उठली. हिरवं लुगडं, उन्हानं रापलेली, हात मातीत काम करणारे. शेजारीण तिला खाली ओढत होती.

‘भाऊ,’ ती म्हणाली, ‘मी पातूरची गंगूबाई. आमी भाजीपाला लावतो. मले वाचता येत नाही, भाच्यानं वाचून दाखवलं. माही कौशल्या अशीच विहिरीत सापडली, नांदगाव खंडेश्वराकडं दिली होती. तिच्याबी मनगटाले हळद होती. सवाष्णीची हळद म्हून मी पुसली नाही, भाऊ. खाली काय होतं?’



यांनी पाण्याचा पेला उचलला. पुन्हा ठेवला. म्हणाले — ‘बाई, ही कादंबरी आहे. सगळी कल्पना आहे.’

‘कल्पना म्हंजे?’

‘म्हणजे... खोटं.’

‘मंग खोट्यात माह्या पोरीची हळद कशी आली?’ आणि मग, अगदी हळू — ‘अन् तिले भूत काहून केलं? ती कोनाचा गळा दाबनारी नव्हती.’

रामरावांनी आभार मानून सभा संपवली. मी तिच्यामागं धावले, पण तिचा नवरा नत्थुजी तिला धरून गर्दीतून नेत होता. तिनं वळून पाहिलं नाही.

नांदगाव खंडेश्वर. कौशल्या. संत्र्यांचे बागाईतदार खुशालराव — त्यांच्या सुनेची केस. सुनेच्या माहेरच्यांनी फिर्याद केली होती, आणि खुशालरावांच्या बाजूनं वकीलपत्र यांचं होतं. ‘पाय घसरून पडली’ असं ठरलं, सगळे सुटले. तेव्हा संत्र्यांच्या पाट्या आल्या होत्या आमच्याकडे. मी शेजारीपाजारी वाटल्या.

१० जानेवारी, सोमवार. अमरावती

बडनेऱ्यापर्यंत डब्यात माणसं होती. बडनेऱ्याला गाडी बदलून बसलो तेव्हा विचारलं — हळदीचं कोर्टात निघालं होतं?

‘नाही.’

‘पंचनाम्यात होतं?’

‘पंचांनी लांबूनच पाहिलं. हळद म्हटल्यावर जवळ कोण जातं.’

‘मग तुम्हाला कोणी सांगितलं?’

खिडकीबाहेर पाहत म्हणाले, ‘अशिलानं सांगितलेलं वकिलाच्या पोटात राहतं. कायदाच आहे तसा. बोललो तर वकिलीची सनद जाईल.’

‘बोलता येत नाही, आणि छापता येतं?’

‘काय करू मग?’ — एकदम वऱ्हाडीवर आले, आईशी बोलायचे तसे — ‘मले झोप येत नव्हती. लिहिलं तवा आली. तुले काय वाटते, मी नावासाठी लिहिलं?’

मी म्हटलं, तिला झोप येईल का आता? गंगूबाईला?

तो हळदीचा प्रसंग मी या हातानं उतरवलाय. ‘किती बाई हुबेहूब सुचलं तुम्हाला’, असंही म्हटलं होतं तेव्हा!

१२ जानेवारी, बुधवार

खुशालराव आले. अकोल्याची बातमी पोचलीच. पांढरा फेटा, हातात काठी, आवाज लोण्यासारखा. मी दाराआड होते.

‘वकीलसाहेब, लय रंगलं म्हंते पुस्तक. आमच्या घरीबी आलं. नवी सून वाचून राहिली. लीलाबाई. चौथी शिकेल हाये न, दिवसभर तोंड पुस्तकात!’

हे म्हणाले, ‘मुलाचं, उत्तमरावांचं, दुसरं लग्न केलंत?’

‘आता सालभर होईन. बिना सुनेचं घर कसं चालते?’ मग काठी जमिनीवर आपटली. जोरात नाही. ‘पुन्हा नका छापू. लोक नावं जोडून राहिले. तुमचंबी नाव जोडतीन. सनद तुमची हाये, माही नाही.’

जाताना मला दिसले. हात जोडले. ‘येतो वहिनी.’

मला भय त्याच्या धमकीचं नाही. त्या घरात एक सून आहे!

हे आरामखुर्चीत तसेच बसून. मी विचारलं, ‘पहिलीला का मारली?’

‘वर्षभरात मूल नाही झालं. आणि ती उलट बोलायची.’

उलट बोलायची! आणि पुस्तकात तिला मुकी केली यांनी.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत

तीळगूळ दिला, घेतला. ‘गोड बोला’ एवढंच बोललो दोघं दिवसभरात.

१८ जानेवारी, मंगळवार

अंबादेवीला गेले होते. ओटी भरून बाहेर आले, तर खांबाशी एक मुलगी. गुलाबी लुगडं, नाकात मोठी नथ, फार तर अठरा वर्षांची.

‘तुमी शेषराव वकिलाच्या घरच्या न? मामंजींनी रस्त्यानं घर दाखवलं तुमचं, तवा दारात तुमाले पाह्यलं. मी खुशालरावाची सून. लीला.’

सासू पार्वताबाई आत प्रदक्षिणा घालत होती. फेरी घालून समोर आली की लीला दुसरीकडे पाहायची, पाठमोरी झाली की बोलायची.

‘पुस्तक लय आवडलं मले. पण भूत उगाच घातलं. भुताचं मले भेव नाही वाटलं. भेव कुठं वाटलं सांगू? ते सारे जेवून राहिले, वाढ वाढ म्हून राहिले, अन् सून विहिरीत हाये — तिथं. माहं ताट सरकलं.’

इतके लोक बोलले या पुस्तकावर. हे कोणालाच दिसलं नव्हतं.

सासू समोर आली. गेली.

‘शेवटचे पानं नाहीत आमच्या पुस्तकात. मामंजींनी फाडले. म्हंते, वाईट लिवलं हाये. कोनं मारलं तिले?’

मी काय करायला हवं होतं? घरी जाऊन यांना विचारायला हवं होतं का? यांनी कायदा सांगितला असता.

‘सासऱ्यानं,’ मी म्हटलं.

ती हसली. आधी हसलीच, गोष्ट ऐकल्यासारखी. ‘काहून?’

‘मूल होत नव्हतं. आणि उलट बोलायची.’

हसू तसंच राहिलं चेहऱ्यावर, डोळे मात्र बदलले. सासू पुन्हा समोरून गेली. ती पाठमोरी झाल्यावर लीलानं विचारलं — ‘हे पुस्तकातलं सांगता, का आमच्या घरातलं?’

मी तिचा हात धरला.

‘मलेबी नाही झालं अजून,’ ती म्हणाली. ‘आमच्या विहिरीवर मोट बंद हाये. पहिली पडली म्हून बंद केली म्हंतात. मी विचारलं कशी पडली, तं सासूच्या हातातलं भांडं पडलं.’

‘माहेर कुठं तुझं?’

‘माय नाही. बाप हाये, तो त्याइचंच ऐकते.’

‘मग माझ्याकडे ये. घर पाहिलंस ना? विचारायला थांबू नकोस कोणाला.’

पार्वताबाई बाहेर आली. माझ्याकडे पाहिलं, मला ओळखलं. तिनंच लावली ती हळद. जाड, थकलेली, साधी बाई. मला कुंकू लावलं. मी लावून घेतलं.

१९ जानेवारी, बुधवार

यांना सांगितलं. खुर्चीवरून उठलेच. ‘तू काय करून बसली! त्या पोरीनं घरी तोंड उघडलं तर?’

‘तुम्ही उघडलं असतंत तर मला उघडावं लागलं नसतं.’

‘माझी सनद —’

‘असू द्या सनद. मी तिला पुस्तकाचा शेवट सांगितला. वाचकानं विचारला, सांगितला. त्याला कोणता कायदा आडवा येतो?’

आयुष्यात असं यांच्याशी बोलले नव्हते. वाटलं होतं, हात उगारतील. नाही. खाली बसले. म्हणाले, ‘तो माझ्यासमोर बसून सांगत होता. हळदीचं सांगताना हसला. आणि मी टिपणं काढत होतो — उलटतपासणीत काय टाळायचं त्याची.’

मी जवळ गेले नाही. जावंसं वाटलं, पण नाही गेले.

२० जानेवारी, गुरुवार

नांदगाव खंडेश्वराकडची मोटार आली की दारात जाते. तिकडून येणारा प्रत्येक माणूस खुशालरावच वाटतो.

२२ जानेवारी, शनिवार

प्रकाशकाचा माणूस आला होता. दुसरी आवृत्ती लवकर द्या, म्हणतो, लोक मागून राहिले. ‘शेवट जरा मऊ करता का? सासरा नको, एखादा दरोडेखोर करा. सासरा लोकांना पटत नाही.’ यांनी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. मग कधी नव्हे ते स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसले. म्हणाले, ‘गंगूबाईनं उभ्या सभेत विचारलं आणि मी तिला ‘खोटं’ म्हणालो. माझ्या साऱ्या वकिलीत इतका खोटा जबाब कोणत्याच साक्षीदारानं दिला नसेल.’

मी भाकरी थापत होते. एक त्यांच्या ताटात वाढली.

२४ जानेवारी, सोमवार

लीला सकाळी पहिल्या मोटारीनं आली. पायांत काही नाही, कपाळाला खोक. ‘मी घरी विचारलं, पहिलीले कोनं मारलं,’ एवढंच म्हणाली. मागोमाग खुशालराव, उत्तमराव आणि गावची माणसं. ‘आमची सून पाठवा.’ हे ओसरीवर उभे राहिले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले — ‘नाही पाठवत. पहिली तुम्ही मारली, खुशालराव. मले तुमीच सांगितलं.’ मग टोपी घातली आणि गर्दीतून वाट काढत पोलीस कचेरीकडे चालू लागले. अडवायला कोणी पुढं झालं नाही.