फळीवरची बाटली

३ फेब्रुवारी
आलं: पारा एक बाटली — चाळीस रुपये. गंधक दोन पुडे — तीन रुपये.
पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला लाल रंग हवाय, म्हणून हे आजपासून घोटायला बसले. पारा नि गंधक खलात घोटत राहायचं, की काजळासारखी काळी पूड होते. उन्हात धरली तर एकही चमकता ठिपका दिसता कामा नये. मग ती बंद भांड्यात तापवायची — वाफ वर चढते नि झाकणाला लालभडक होऊन बसते. काळ्यातून लाल! देवाची करणी.

१२ फेब्रुवारी
खलातून उडालेले पाऱ्याचे थेंब कागदावर गोळा करते, जुन्या बाटलीत टाकते. ठेवलीय शेगडीवरच्या फळीवर. बूच हरवलंय — पण दूध थोडंच आहे मांजर प्यायला!
धाकटी तासन्‌तास बघत बसते. "आई, ही चांदी पळते!"

१५ मार्च
यांचा हात थरथरतो. चहा निम्मा बशीत. हिरड्यांतून रक्त. "म्हातारा झालो," म्हणतात — चाळिशी नाही उलटली अजून! काल उगाच माझ्या अंगावर वसकन आले. बारा वर्षांत कधी नाही ते. देवा, सांभाळ रे.
खल अंगणात हलवला.

२४ मार्च
दादा येऊन धाकटीला आजोळी घेऊन गेला. तिच्यापुढे आजारपण नको. पेटी स्वतःच भरली तिने, कुणाला हात लावू देईना.
हे स्वयंपाकघरातच पडून असतात, उबेला. मला अन्न जात नाही. जपात मन लागत नाही.

२९ मार्च
डॉक्टर आले. "वहिनी, गंधकाशी पुरता बांधला गेलेला पारा फारसा बाधत नाही. मोकळा पारा वाईट. ऊब लागली की न दिसता हवेत उडतो. घरात कुठे उघडा ठेवलाय का?"
मी! मीच ठेवला — दीड महिना, यांच्या उशाशी. चार पैशांच्या थेंबांसाठी.
मान वर करवेना. केली, तर —
फळीवर बाटली नाही.

२९ मार्च, दुपार
दादाला लिहिलं, तेच इथे उतरवते:
"धाकटीच्या पेटीत कपड्यांखाली बघ. बाटली सापडली तर तोंड घट्ट बांधून घराबाहेर ठेव, खिडक्या उघड. पोरीला रागावू नकोस. तिचे हात धरून बघ, थरथरतात का. उलट टपाली कळव."